गच्चीवरचा अँटेना ते तळमजल्यावरचे वाय-फाय: कमकुवत रेंजवर केलेल्या कामाच्या नोंदी

२ मार्च: काम सुरू करण्यापूर्वीची मोजमापे

घरात तारेचे इंटरनेट येत नाही आणि नजीकच्या काळात येण्याची चिन्हेही नाहीत, त्यामुळे सिम घालून चालणाऱ्या राउटरवरच सगळी भिस्त आहे. तळमजल्यावरच्या बैठकीच्या खोलीत तो ठेवला की रेंजची एक दांडी दिसते, कधी दोन दिसतात, आणि दोन दिसत असतानाही व्हिडिओ कॉल तुटायचा तो तुटतोच. म्हणून पहिला निर्णय असा घेतला की दांड्यांकडे पाहायचेच नाही. किती ताकदीला किती दांड्या दाखवायच्या हे प्रत्येक यंत्र आपल्या मनाने ठरवते, त्यामुळे आजच्या दोन दांड्यांची उद्याच्या दोन दांड्यांशी तुलना करण्यात काहीच अर्थ नसतो.

राउटरच्या सेटिंगच्या पानावर तीन आकडे मिळाले: आरएसआरपी −११२ डीबीएम, आरएसआरक्यू −१४ आणि एसआयएनआर २. पहिला आकडा टॉवरकडून पोहोचणाऱ्या सिग्नलची ताकद सांगतो, तिसरा तो सिग्नल गोंगाटाच्या किती वर आहे हे सांगतो, आणि दुसऱ्याकडे मी या संपूर्ण कामात फारसे पाहिले नाही. ताकद उणे आकड्यात असते, त्यामुळे −९० हे −११० पेक्षा चांगले, हे घरातल्या प्रत्येकाला एकदा तरी समजावून सांगावे लागले. डाउनलोड सकाळी ४ एमबीपीएस, रात्री नऊच्या सुमारास १.८, अपलोड दिवसभर ०.६ च्या आसपास. प्रत्येक वेळी तीन चाचण्या घेऊन मधला आकडा वहीत लिहिला.

संध्याकाळी राउटर हातात घेऊन खोलीखोलीतून फिरले. प्रत्येक जागी दोन मिनिटे थांबायचे, आकडा स्थिरावू द्यायचा आणि मगच लिहायचा. सर्वांत चांगली जागा वरच्या मजल्यावरच्या पश्चिमेकडील खिडकीत सापडली: −१०१ आणि एसआयएनआर ५. त्याच खिडकीची काच बंद केली तेव्हा आकडा −१०९ वर घसरला. ऊन परतवण्यासाठी काचेवर धातूचा पातळ थर दिलेला आहे आणि त्याला ऊन काय किंवा सिग्नल काय, दोन्ही सारखेच. काहीही विकत न घेता, राउटर केवळ वर नेऊन आणि खिडकी उघडी ठेवून वेग जवळजवळ दुप्पट झाला, म्हणजे ज्यांना एवढ्याने भागते त्यांनी पुढच्या नोंदी वाचण्याचे कारण नाही.

५ मार्च: टॉवरचा शोध, आणि एक वाया गेलेला दिवस

गच्चीवरून दोन टॉवर दिसतात. त्यांतला जवळचा आपलाच असणार असे मी गृहीत धरले आणि अँटेनाची दिशा, पाइपची जागा, केबलचा मार्ग हे सारे त्या गृहीतकावर आखून टाकले. रात्री सहज म्हणून राउटरच्या पानावरचा सेल क्रमांक पाहिला आणि आखणी कागदावरच राहिली ते बरे झाले असे वाटले.

तो क्रमांक ५१२०२५९ होता. चौथ्या पिढीच्या नेटवर्कमध्ये या क्रमांकाला २५६ ने भागले की पूर्णांकात टॉवरचा क्रमांक येतो आणि बाकी उरते ती त्या टॉवरवरच्या सेलची. माझ्या बाबतीत टॉवर २०००१ आणि सेल ३. त्यानंतर फोनमध्ये हा क्रमांक दाखवणारे अॅप सुरू ठेवून दोन्ही टॉवरच्या पायथ्याशी जाऊन आले. जवळच्या टॉवरखाली उभे राहूनही फोनला २०००१ मिळेना, कारण तो टॉवर दुसऱ्याच कंपनीचा निघाला. दूरच्या टॉवरवरही तो क्रमांक नव्हता. माझा टॉवर गच्चीवरून दिसतच नाही. पश्चिमेला थोडे दक्षिणेकडे झुकून, झाडांच्या रांगेमागे तो आहे.

टॉवरच्या जागा दाखवणाऱ्या नकाशांविषयी एक सावधगिरीची सूचना. लोकांच्या फोनवरून गोळा झालेल्या मोजमापांवरून ते नकाशे जागेचा अंदाज बांधतात, त्यामुळे टॉवर ज्या रस्त्यावर असतो तिथे न दिसता लोक ज्या रस्त्याने जास्त जातात तिकडे सरकलेला दिसतो. माझ्या बाबतीत ही चूक दिशेत जवळजवळ ३० अंशांची होती.

९ मार्च: बूस्टरचा विचार आणि त्याला नकार

सिग्नल पकडून, वाढवून घरात पुन्हा सोडणारा बूस्टर घ्यावा असे दोघांनी सुचवले. मी तो घेतला नाही. असे यंत्र मोबाइल कंपनीच्या लहरींवर स्वतः प्रक्षेपण करते, आणि अनेक देशांत ते परवानगीशिवाय बसवणे हा गुन्हा आहे. शिवाय आतला आणि बाहेरचा अँटेना एकमेकांना ऐकू लागले की माइक स्पीकरजवळ नेल्यावर जशी शिट्टी वाजते तसा प्रकार होतो आणि आसपासच्या सगळ्यांचीच रेंज बिघडते. तिसरे कारण माझ्यापुरते निर्णायक होते: बूस्टर सिग्नलबरोबर गोंगाटही तितकाच वाढवतो, आणि माझी खरी अडचण गोंगाटाची होती. राउटरला बाहेरचा अँटेना जोडण्यात यांपैकी कोणतीच भानगड नाही.

१४ मार्च: पहिला अँटेना, तीन चुका

माशाच्या काट्यासारखा दिसणारा एक यागी अँटेना आणि १५ मीटर बारीक केबल घेऊन कामाला लागले. आजचा दिवस सविस्तर लिहिते आहे, कारण नवशिक्याकडून होणाऱ्या बहुतेक चुका मी एकाच दिवसात उरकल्या.

अँटेना पाइपवर चढवला, केबल गच्चीवरून भिंतीच्या कडेने खाली बैठकीच्या खोलीत आणली, कनेक्टर राउटरच्या मागे फिरवून घट्ट बसवला आणि पान उघडले. ताकद −१२१. राउटरच्या पोटातल्या अँटेनावर −११२ मिळत होती, म्हणजे गच्चीवरच्या अँटेनाने ती नऊने कमी केली. तासभर अँटेना फिरवून पाहिला, सिम काढून घातले, राउटर दोनदा बंद-चालू केला. शेवटी कनेक्टर सोडवून टॉर्चच्या उजेडात पाहिला. राउटरच्या मागच्या जोडाच्या मध्यभागी बारीक भोक आहे. केबलच्या टोकाच्या मध्यभागीही भोकच आहे. दोघांपैकी एकाच्या मधोमध पिन हवी, ती कुठेच नव्हती. आटे मात्र अगदी व्यवस्थित बसत होते. मोबाइल राउटरला सहसा एसएमए जातीचा कनेक्टर लागतो, आणि वाय-फायच्या अँटेनांसाठी वापरतात तो आरपी-एसएमए जातीचा. आटे तेच, फक्त पिन आणि भोक यांची अदलाबदल. केबल घेताना मी नावातल्या पहिल्या दोन अक्षरांकडे लक्षच दिले नव्हते.

दुपारी योग्य कनेक्टर लावून घेतला. ताकद −९९. वरच्या मजल्यावरच्या उघड्या खिडकीत फुकटात −१०१ मिळत होती, म्हणजे पैसे, दिवस आणि एक खरचटलेले कोपर एवढ्याच्या बदल्यात दोन डेसिबल हाती आले.

मग अँटेना खराब आहे की केबल, हे ठरवण्यासाठी वीज पोहोचवायला जोडवायर घेतली आणि राउटर गच्चीवर नेऊन एक मीटरच्या तुकड्याने थेट अँटेनाला जोडला. ताकद −८५. अँटेना निर्दोष होता. १५ मीटर केबलने १४ डेसिबल गिळले होते. या आरजी-५८ जातीच्या बारीक केबलमध्ये १८०० मेगाहर्ट्झला (माझा राउटर ज्या लहरीवर चालतो ती) मीटरमागे साधारण एक डेसिबल जाते. दहा डेसिबल गेले म्हणजे दहातला एक हिस्सा उरतो, हे माहीत असूनही खरेदी करताना मी केबलची लांबी फक्त पुरेल की नाही एवढेच पाहिले होते.

तिसरी चूक त्याच चाचणीत लक्षात आली. ताकद −१०१ वरून −८५ झाली तरी वेग ८ वरून ११ एवढाच वाढला. राउटरला मागे दोन जोड आहेत आणि तो दोन अँटेनांवरून एकाच वेळी दोन वेगवेगळे प्रवाह घेतो. मी एकच अँटेना लावून दुसरा जोड रिकामा ठेवला होता, म्हणजे राउटरचा एक कान बंद केला होता.

१७ मार्च: राउटरच वर हलवला

गच्चीच्या दारापाशी, जिन्याच्या माथ्यावर छोटी खोली आहे. राउटर आता तिथे राहील. अँटेनापासून तिथपर्यंत केवळ ४ मीटर केबल लागते आणि ती मी सुमारे १० मिलिमीटर जाडीची घेतली, जिच्यात १८०० मेगाहर्ट्झला मीटरमागे ०.२ डेसिबल इतकेच नुकसान होते. पूर्वीच्या १४ डेसिबलच्या जागी आता एक डेसिबलही जात नाही. खाली न्यायचे ते इंटरनेट नेटवर्क केबलमधून न्यायचे, कारण ती १०० मीटरपर्यंत वेग न घटवता चालते. हा विचार पहिल्याच दिवशी सुचला असता तर मागची संपूर्ण नोंद लिहावी लागली नसती.

जाड केबलचा एक उपद्रव मात्र कुणी सांगितला नव्हता. ती काठीसारखी ताठ असते. वाकवली की राउटरच्या मागचा नाजूक जोड स्वतःबरोबर ओढते. दोन दिवसांत डावा जोड हलू लागला. आता जाड केबल भिंतीला दोन क्लॅम्पनी पक्की केली आहे आणि तिथून राउटरपर्यंत ३० सेंटिमीटरचा मऊ, बारीक तुकडा लावला आहे. त्या तुकड्यात अर्धा डेसिबलही जात नाही आणि जोडावर ताण येत नाही.

खोली दुपारी तापते. राउटर पत्र्याच्या मांडणीवरून काढून भिंतीवर, मागे बोटभर मोकळी जागा सोडून टांगला, तेव्हापासून दुपारी आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होण्याचा प्रकार थांबला.

२१ मार्च: अँटेनांची जोडी, आणि फुलीऐवजी दोन समांतर रेषा

यागी बाजूला ठेवला आणि एकसारखे दोन लॉग-पिरिऑडिक अँटेना घेतले. हे यागीपेक्षा थोडे कमी जोरकस असतात, पण ७०० ते २७०० मेगाहर्ट्झ एवढ्या मोठ्या पट्ट्यात चालतात, त्यामुळे उद्या कंपनीने लहर बदलली तरी ते निरुपयोगी होत नाहीत. टॉवरवरचे अँटेना सहसा ४५ अंशांत उलटसुलट कललेल्या जोडीने बसवलेले असतात, म्हणून घरचेही तसेच हवेत: एक डावीकडे ४५ अंश, दुसरा उजवीकडे ४५ अंश, समोरून पाहिले तर फुलीच्या दोन रेघा.

मी ते बसवले, ताकद −८७ मिळाली आणि वेग १४ वर अडकला. जेवणानंतर गच्चीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन, टॉवर जिकडे आहे त्या बाजूने अँटेनांकडे पाहिले तेव्हा दोन्ही एकाच बाजूला कललेले दिसले. पहिला अँटेना मी समोर उभी राहून बसवला होता आणि दुसरा शिडी हलवायचा कंटाळा करून मागून बसवला होता. मागून उजवे ते समोरून डावे. एकाचा नट सैल करून तो उलट कलवला. ताकदीचा आकडा तसूभरही हलला नाही, वेग मात्र १४ वरून २४ झाला. ताकदीच्या आकड्यावर विसंबून राहिले असते तर ही चूक कधीच सापडली नसती.

२२ मार्च: दिशा लावणे

हे काम एकटीने करू नये. धाकटी बहीण जिन्याच्या खोलीत राउटरचे पान उघडून बसली आणि मी बाहेर पाइपपाशी. पाइपवर खडूने दर दहा अंशांना खूण केली होती. प्रत्येक खुणेवर पाइप फिरवायचा, हात काढून घ्यायचा, बाजूला सरकायचे आणि एक मिनिट थांबायचे. राउटर आकडा सरासरी काढून दाखवतो, त्यामुळे फिरवताक्षणी दिसणारा आकडा मागच्या दिशेचा असतो. पहिल्या फेरीत मी घाई केली आणि सर्वोत्तम दिशा चक्क एक खूण पुढची निघाली.

दुसऱ्या फेरीत, चौथ्या खुणेवर ताकद −८६ आली आणि ती सगळ्यांत चांगली होती. मी नट आवळायला घेतला.

“ताई, थांब. सहाव्या खुणेवर दुसरा आकडा यापेक्षा बराच चांगला होता.”

मी तिला फक्त ताकद वाचायला सांगितले होते. तिने एसआयएनआरही लिहून ठेवला होता. चौथ्या खुणेवर तो ९ होता आणि सहाव्या खुणेवर, जिथे ताकद −८९ पर्यंत उतरली होती, तिथे १५. दोन्हीकडे तीन-तीन चाचण्या घेतल्या: चौथ्या खुणेवर वेग २४, सहाव्या खुणेवर ३८. अँटेना टॉवरपासून २० अंश वळवल्याने आपल्या टॉवरचे थोडे कमी ऐकू येते, पण त्याच पट्ट्यात बोलणारा दुसरा एखादा टॉवर त्याच्या बहिऱ्या बाजूला जातो. सहाव्या खुणेवर नट आवळले. या संपूर्ण कामात वेगात पडलेला सर्वांत मोठा फरक या २० अंशांनी आणि बहिणीच्या वहीने पाडला, आणि तो फुकट होता.

२४ मार्च: बँडचे कुलूप

रात्री वेग अचानक ९ वर आला. ताकद पाहिली तर ती उलट सुधारून −८१ झाली होती. राउटर १८०० मेगाहर्ट्झ सोडून ९०० वर गेला होता. खालची लहर भिंती-झाडांतून सहज येते म्हणून तिची ताकद जास्त दिसते, पण माझ्या टॉवरवर त्या लहरीचा पट्टा अरुंद आहे आणि तिच्यावर गर्दी मोठी. सेटिंगमध्ये जाऊन बँड ३, म्हणजे १८०० मेगाहर्ट्झ, एवढाच निवडून बाकीचे बंद केले. वेग पुन्हा ३७.

२७ मार्च: त्याच कुलपाचा तोटा

सकाळपासून इंटरनेट नव्हते. फोनवर रेंज होती, राउटरवर शून्य. केबल, कनेक्टर, सिम, सगळे तपासण्यात तीन तास गेले आणि मग तीन दिवसांपूर्वी लावलेले कुलूप आठवले. टॉवरवर १८०० ची यंत्रणा बंद होती, बाकीच्या लहरी सुरू होत्या आणि माझ्या राउटरला त्यांच्याकडे पाहण्याचीच मनाई होती. आता बँड ३ आणि बँड ८ दोन्ही निवडले आहेत. राउटर अधूनमधून ९०० वर जातो हे खरे, पण रोज पहाटे तो आपोआप बंद होऊन सुरू होईल अशी वेळ लावली आहे आणि सुरू होताना तो बहुतेक वेळा १८०० पकडतो.

३१ मार्च: पाऊस

रात्रभर पाऊस झाला. वेग ३८ वरून १२ वर आला. ओल्या पानांमुळे सिग्नल थोडा दबतो हे खरे, तरी एवढी घसरण पानांची नव्हती, कारण राउटर दोन्ही जोडांची ताकद वेगवेगळी दाखवतो आणि त्यांतला उजवा −९० वर स्थिर असताना डावा −१०३ वर गेला होता.

डाव्या अँटेनाच्या खालचा कनेक्टर सोडवला. मी त्याच्यावर विजेच्या कामाची काळी चिकटपट्टी गुंडाळली होती. उन्हाने तिचा गोंद सुटून कडेला फट पडली होती आणि आत पाण्याचा एक थेंब, पितळेवर हिरवट डाग. तो कनेक्टर टाकून दिला, कारण केबलच्या वेणीत एकदा पाणी शिरले की ते वाळवून निघत नाही. टोकाकडची वीतभर केबल कापून नवा कनेक्टर लावला. आता आधी स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून, खालून वर अशी गुंडाळली आहे, म्हणजे तिचे पदर कौलांसारखे एकमेकांवर येतात आणि पाणी ओघळून जाते. तिच्यावर उन्हात टिकणारी साधी टेप. शिवाय केबल भिंतीतून आत शिरण्यापूर्वी तिला भोकापेक्षा वीतभर खाली झोळ दिला, जेणेकरून तिच्यावरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी टपकेल, घरात येणार नाही.

पाइपला अर्थिंग देणे आणि दोन्ही केबलवर सर्ज अरेस्टर (विजेचा लोंढा जमिनीत वळवणारे उपकरण) बसवणे ही कामे वायरमनकडून करून घेतली. ती अँटेना चढवला त्याच दिवशी व्हायला हवी होती. अडीच आठवडे उघड्या गच्चीवर तो लोखंडी पाइप तसाच उभा होता, यात शहाणपणा काहीच नव्हता.

५ एप्रिल: खाली वाय-फाय पोहोचवणे, पहिला प्रयत्न

जिन्याच्या खोलीत ३८ एमबीपीएस आहेत आणि तळमजल्यावर, दोन स्लॅब ओलांडल्यावर, ३. मधल्या मजल्यावर वाय-फाय रिपीटर लावला. रिपीटरच्या दिव्यांनी सगळे उत्तम असल्याचे सांगितले आणि तळमजल्यावर ११ मिळाले. हा रिपीटर एकाच रेडिओने वरून ऐकतो आणि त्याच रेडिओने खाली सांगतो. ऐकताना बोलता येत नाही आणि बोलताना ऐकता येत नाही, म्हणून निम्मा वेळ तिथेच जातो. कॉलमध्ये आवाज अडखळतो तो वेगळाच. रिपीटर काढला.

७ आणि ८ एप्रिल: केबल, आणि खोटे बोलणारा टेस्टर

जिन्याच्या कडेने २२ मीटर कॅट-६ केबल पट्टीतून खाली आणली. दोन्ही टोकांना कनेक्टर स्वतः क्रिम्प केले, म्हणजे तारांवर दाबून बसवले, टेस्टर लावला, एक ते आठ दिवे ओळीने लागले. केबल जोडली आणि लिंक दर काही मिनिटांनी तुटू लागली; मोठी फाइल पाठवली की वेग एकअंकी.

टेस्टर नीट सांगतो आहे म्हटल्यावर मी राउटरवर संशय घेतला, मग पोर्टवर, मग दुसऱ्या टोकाच्या जुन्या राउटरवर. एक संपूर्ण दिवस गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी कनेक्टर उजेडात धरून रंग वाचले: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दिसायला इतके नीटनेटके की दोन्ही टोकांना तेच केले होते. चूक नेमकी त्या नीटनेटकेपणात होती. तिसऱ्या आणि सहाव्या पिनला एकाच जोडीच्या, एकमेकींना पीळ दिलेल्या तारा हव्यात. माझ्या रचनेत तिसऱ्यावर हिरव्या जोडीतली एक तार होती आणि सहाव्यावर निळ्या जोडीतली. तार इकडून तिकडे पोहोचते का, एवढेच साधा टेस्टर पाहतो, तिच्या जोडीदाराची चौकशी तो करत नाही. योग्य क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोके कापून पुन्हा केली, आणि लिंक तेव्हापासून एकदाही तुटलेली नाही.

९ एप्रिल: जुना राउटर खाली, अॅक्सेस पॉइंट (फक्त वाय-फाय पुरवणारे यंत्र) म्हणून

जुन्या राउटरचा पत्ता 192.168.1.1 होता आणि वरच्या नव्याचाही तोच, म्हणून जुन्याचा बदलून 192.168.1.2 केला आणि केबल त्याच्या वॅन (इंटरनेट आत घेणाऱ्या) पोर्टात न घालता लॅन (घरातली यंत्रे जोडण्याच्या) पोर्टात घातली. डीएचसीपी बंद करायचे मात्र विसरले. परिणामी घरात पत्ते वाटणारे दोन जण झाले. ज्या यंत्रांना वरच्याकडून पत्ता मिळाला ती चालली आणि ज्यांना खालच्याकडून मिळाला ती वाय-फायला जोडलेली असूनही इंटरनेटविना बसून राहिली. कोणते यंत्र कोणत्या गटात जाईल हे दर तासाला बदलत होते, म्हणून दोष ओळखायला संध्याकाळ उजाडली.

दोन्हींना एकच नाव आणि एकच पासवर्ड दिला. २.४ गिगाहर्ट्झवर वर चॅनेल १ आणि खाली ११ ठेवले, रुंदी दोन्हीकडे २० मेगाहर्ट्झ. तरी बहिणीचा फोन तळमजल्यावर येऊनही वरच्या राउटरलाच चिकटून राहायचा. कुठे जोडायचे हे फोन ठरवतो, राउटर नव्हे. वरच्याची प्रक्षेपण-शक्ती निम्म्यावर आणली तेव्हा तो खाली आल्यावर खालच्याला जोडू लागला. तळमजल्यावर आता ३६.

१३ एप्रिल: वेग आहे, तरी कॉल अडखळतो

बहिणीच्या लॅपटॉपचा बॅकअप सुरू झाला की माझा कॉल बिघडतो. पिंग, म्हणजे निरोप जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ, मोजला: रिकाम्या वेळी ४२ मिलिसेकंद, बॅकअप चालू असताना ९०० च्या वर. अपलोडची रांग कुठेतरी साचत होती आणि माझ्या आवाजाचे तुकडे त्या रांगेच्या शेपटाशी उभे राहत होते. राउटरमध्ये रांगेवर नियंत्रण ठेवणारी एसक्यूएम ही सोय आहे. तिला डाउनलोड २५ आणि अपलोड ५ अशी मर्यादा घालून दिली. बॅकअप चालू असताना पिंग आता ७० च्या आत राहतो. ३८ मिळत असताना २५ वर समाधान मानणे मनाला पटायला दोन दिवस लागले, पण त्या दोन दिवसांत एकही कॉल तुटला नाही.

मोबाइल इंटरनेटचा वेग तासागणिक बदलतो, त्यामुळे मर्यादा सकाळच्या चांगल्या आकड्यावरून ठरवता येत नाही. रात्री नऊ ते अकरा मला १६ मिळतात. त्या वेळेपुरती १४ ची वेगळी मर्यादा लावली आहे. त्या दोन तासांत ताकद आणि एसआयएनआर जवळपास तेच असतात. टॉवरवर गर्दी असते आणि तिच्यावर गच्चीवर करण्यासारखे काही नाही.

२० एप्रिल: हिशेब आणि उरलेली कामे

एकूण अकरा दिवस हात लावला, त्यांतले चार चुका शोधण्यात गेले: एक टॉवरच्या गृहीतकात, एक पहिल्या अँटेनात, एक क्रिम्पिंगमध्ये, आणि उरलेला तीन-तीन तासांच्या तुकड्यांत. खर्चाचा जवळजवळ तिसरा हिस्सा आज कपाटात पडून आहे: यागी अँटेना, १५ मीटर बारीक केबल, रिपीटर. पहिल्या दिवशी राउटर घेऊन गच्चीवर गेले असते आणि तिथला आकडा पाहिला असता, तर यांतले काहीच घेतले नसते.

एक काम जमलेले नाही. फाटकावरचा कॅमेरा बाहेरून पाहता येत नाही. राउटरला कंपनीकडून मिळालेला पत्ता 100.64 ते 100.127 या पट्ट्यातला आहे, म्हणजे अनेक ग्राहकांमध्ये वाटून घेतलेला. बाहेरून थेट आत येण्याची वाटच त्यात नाही, पोर्ट उघडून उपयोग होत नाही. घरातून बाहेरच्या सर्व्हरकडे व्हीपीएन (बोगद्यासारखी खासगी जोडणी) सुरू करून त्यातून परत आत येण्याचा मार्ग आहे, तो पुढच्या आठवड्यात पाहणार आहे.

आजचे आकडे: ताकद −८९, एसआयएनआर १४, जिन्याच्या खोलीत दुपारी ३७, तळमजल्यावर ३५ (दोन्ही मर्यादा काढून मोजलेले), अपलोड ७. कालच्या वाऱ्याने पाइप सहाव्या खुणेवरून अर्धी खूण सरकला होता. खालच्या क्लॅम्पला दुसरा नट लावला आणि खडूची खूण पुसट झाली होती, ती रंगाने पक्की केली.